आधी मोजमाप, मग खरेदी

रत्नागिरीत २०१८ साली सुटे भाग जोडून बनवून घेतलेल्या माझ्या संगणकावर खेळ अडखळू लागले, तेव्हा बहुतेकांनी ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरील चित्र तयार करणारा भाग) बदलण्याचा सल्ला दिला. खेळ चालू ठेवून मोजमाप केले असता कार्ड जेमतेम ६० टक्के वापरले जात होते, तर रायझन ५ १६०० प्रोसेसरचे काही कोअर (आकडेमोड करणारे त्यातले स्वतंत्र भाग) सतत १०० टक्क्यांवर होते. म्हणजे अडचण प्रोसेसरची होती, म्हणून तोच बदलायचे ठरवले.

माझ्या बी४५० मदरबोर्डच्या (सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीच्या) एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसवण्याच्या खाचेत, नवा रायझन ५ ५६०० बसतो आणि दोन्ही प्रोसेसर ६५ वॅटचे असल्याने पॉवर सप्लाय बदलावा लागला नाही. मात्र जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच बायोस (संगणक सुरू करणारे मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे लागते. मध्येच वीज गेल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून पावसाळ्यात आमच्याकडे वीज कशी जाते हे ध्यानात घेऊन मी यूपीएस लावूनच ते काम केले.

खाऱ्या हवेने कॅबिनेटचे स्क्रू गंजले होते आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढला होता. तो खोडरबराने हलकेच पुसला आणि ८ जीबीची तशीच दुसरी रॅम जोडीने बसवली. आता खेळ अडखळत नाहीत. ग्राफिक्स कार्ड जुनेच आहे.