गोव्यात गोल्फची सुट्टी: बुकिंग करण्याआधी या चुका टाळा

दिवाळी आटोपली की पुण्याहून भाऊजींचा फोन येतो. पहिल्यांदा आला तेव्हा त्यांचा बेत ठरलेलाच होता. "डिसेंबरात आम्ही चौघे येतोय. पाच दिवस, चार मैदानं, रोज 18 होल. हॉटेल कळंगुटला बघ, तिकडे संध्याकाळी जरा गजबज असते." त्यांनी सांगितलं तसं मी बुकिंग करून दिलं, आणि त्या सुट्टीत चौघांचा निम्मा वेळ गाडीत गेला. मी मडगावात राहतो, रस्ते मला पाठ आहेत. तेव्हाच "भाऊजी, असं नको" म्हणायला हवं होतं. ते तेव्हा सांगितलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोव्यात 18 होलचं, म्हणजे पूर्ण आकाराचं मैदान शोधणं. येरवड्याच्या मैदानावर खेळून सवय झालेल्या माणसाला वाटतं, एवढी हॉटेलं आहेत तर तीन-चार मोठी मैदानं असतीलच. तशी ती नाहीत. बाहेरून येणाऱ्याने बेत आखावा अशी मैदानं रिसॉर्टांच्या आवारात आहेत, लहान आहेत आणि दक्षिण गोव्यात आहेत. काणकोणात राजबागला ललितचं 9 होलचं, मोबोरला साळ नदी आणि समुद्राच्या मधल्या पट्ट्यात सेंट रेजिसचं 12 होलचं, आणि बाणावलीला ताज एक्झॉटिकाचं 9 होलचं पिच अँड पट, म्हणजे अगदी आखूड होलचं मैदान. राजबागला होलला दोन-दोन टी (पहिला फटका मारायच्या जागा) आहेत, त्यामुळे 9 होल दोनदा खेळून 18 करता येतात आणि दुसऱ्या फेरीत तोच होल वेगळ्या कोनातून समोर येतो.

लहान मैदान म्हणून नाक मुरडू नका. इथे कस लागतो तो जवळच्या फटक्यांचा. सकाळी सातच्या सुमाराला हिरवळीवर दव असतं. पट (चेंडू जमिनीवरून होलकडे ढकलायचा हलका फटका) मारला की चेंडूमागे दवात एक काळपट रेघ उमटते आणि चेंडू होलच्या दोन हात अलीकडेच थांबतो. त्यावर मनाशी हिशेब करून जोर वाढवावा, तर नऊच्या पुढे ऊन चढतं, दव सुकतं आणि तोच फटका होल ओलांडून पुढे जातो. वारा आणखी वेगळा. थंडीच्या दिवसांत सकाळी तो जमिनीकडून येतो, अगदी मंद. दुपारी समुद्राकडून वाहायला लागतो आणि संध्याकाळपर्यंत जोर धरतो. सकाळी नऊ नंबरच्या आयर्नने जिथे पोचलात, तिथेच दुपारी सात नंबर काढावा लागतो (नंबर लहान तसा फटका लांब). माझ्या मते गोव्यातल्या गोल्फची खरी गंमत हीच आहे. ती अनुभवायची तर एकच मैदान सकाळी एकदा आणि दुपारी उशिरा एकदा खेळा. चार मैदानं पालथी घालण्यापेक्षा ते कितीतरी पटींनी चांगलं.

आता मुक्काम. इथे नावांचे दोन घोटाळे होतात. एक म्हणजे राजबाग आणि बागा. बागा कळंगुटच्या शेजारी, उत्तर गोव्यात. राजबाग काणकोणात, कारवारच्या वाटेवर. कळंगुटहून राजबाग साधारण 90 किलोमीटर पडतं. हायवे असला तरी पणजी आणि मडगावच्या आसपास गर्दी लागते, पुढे करमल घाटाची वळणं आहेत. एका बाजूलाच अडीच तास धरा. दुसरा घोटाळा जुन्या नावांचा. राजबागचं ललित पूर्वी इंटरकॉन्टिनेंटल होतं आणि मोबोरचं सेंट रेजिस पूर्वी लीला. जुनी माहिती वाचून कुणी पाच मैदानांची यादी केली, तर त्यातली दोन मैदानं दोन-दोनदा मोजलेली असतात. भाऊजींची "चार मैदानं" अशीच झाली होती.

पाच रात्री असतील तर मी असं सुचवेन: तीन रात्री सासष्टीच्या किनाऱ्यावर, म्हणजे बाणावली, वार्का किंवा कॅवेलोसिमला, आणि शेवटच्या दोन काणकोणात. बाणावली ते मोबोर जेमतेम अर्धा तास. काणकोणाला जाताना वेळ असेल तर हायवे सोडून असोळणा, बेतूल, काब द राम, आगोंद अशा किनाऱ्याच्या रस्त्याने जा. वेळ जास्त लागतो, पण घरची मंडळी बरोबर असतील तर त्यांनाही सुट्टी मिळाल्यासारखं वाटतं.

विमानाचं तिकीट काढताना "गोवा" एवढंच पाहू नका. जानेवारी 2023 पासून पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळावरूनही विमानं सुटतात. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. मोपाहून राजबाग साधारण 100 किलोमीटर आहे, त्यामुळे तिकिटात वाचवलेले दोन हजार रुपये टॅक्सीतच जातात. मुंबई-पुण्याच्या मंडळींना मी रेल्वेच सुचवतो: मडगावला उतरा, किंवा गाडी थांबत असेल तर थेट काणकोणला. गोल्फ बॅगच्या वजनाचाही प्रश्न राहत नाही. देशांतर्गत विमानात बहुतेक वेळा 15 किलो सामान चालतं आणि पूर्ण सेटच तेवढा भरतो.

तसाही पूर्ण सेट कशाला? नियमाने 14 क्लब (खेळायच्या काठ्या) नेता येतात, पण इथल्या लहान होलना ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, फारसा बाहेर निघत नाही. दोन वेज (जवळच्या उंच फटक्यांचे क्लब), पाच ते नऊ नंबरचे आयर्न, एक हायब्रिड आणि पटर पुरेत. हातमोजे मात्र तीन घ्या, एक घामाने भिजला की दिवसभर वाळत नाही.

ज्या चुकीने मला सर्वांत जास्त मनस्ताप झाला ती "गोल्फसह पॅकेज" या शब्दांची. एका वर्षी मी तेवढं वाचून पैसे भरले. तिथे गेल्यावर कळलं की पॅकेजात एकच फेरी आहे, आणि लग्नाच्या मांडवासाठी निम्मं मैदान दोन दिवस बंद आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मोठ्या रिसॉर्टांत लग्नांचाही हंगाम असतो. तेव्हापासून मी पैसे भरण्याआधी फोन करतो आणि एवढं विचारतो: त्या तारखांना किती होल खेळायला मिळतील? तिथे न राहणाऱ्याला खेळू देतात का? भाड्याने क्लब मिळतात का, डावखुऱ्यासाठी आहेत का? कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) आहे का? आवारात लग्न आहे का? उत्तरं व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलने लिहून मागवतो. फोनवरच्या शब्दावर पुढे भांडता येत नाही.

तारखांबद्दल थोडक्यात: नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा टाळा, भाडं भलतंच चढतं. जून ते सप्टेंबर इथे धो धो पाऊस असतो, तेव्हा गोल्फसाठी येऊ नका. ऑक्टोबरात ऊन भाजतं. डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि जानेवारीचा उत्तरार्ध मला सर्वांत आवडतात.

गाडीचं काय? ओला-उबर इथे चालत नाहीत. सरकारी पाठबळ असलेलं गोवामाइल्स अॅप आहे, पण काणकोणाच्या बाजूला पहाटे गाडी मिळेलच या भरवशावर टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) घेऊ नका. आदल्या संध्याकाळीच टॅक्सी सांगून ठेवा. स्वतः चालवणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच गाडी भाड्याने घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलिसांनी अडवलं तर सकाळ वाया जाते.

एवढं करूनही काही बिघडलं तर? बॅग विमानातून आलीच नाही, तर विमानतळाबाहेर पाऊल टाकण्याआधी कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घ्या. मग रिसॉर्टला फोन करून भाड्याचे क्लब राखून ठेवायला सांगा. मैदान ऐनवेळी बंद निघालं, तर त्याच दिवशी दुसऱ्या टोकाला धावत जाऊ नका. तिथली सकाळ तोवर संपलेली असते. फेरी दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर ढकला.

आणि खेळून आल्यावर क्लब गोड्या पाण्याने पुसून, कोरडे करूनच बॅगेत ठेवा. खारी हवा आणि वाळू दोन दिवसांत वेजच्या खाचांत गंज चढवतात. यंदा भाऊजींनी त्यासाठी घरून जुना टूथब्रश आणि सुती पंचा आणला होता.