यादीत नाव आहे पण अनुदान जमा नाही? आधी हे बघा

अतिवृष्टीचं अनुदान आणि पीकविमा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी डोक्यात घ्या, निम्मे लोक इथेच गोंधळतात. विमा ज्यांनी भरला त्यांना, अनुदान मात्र ज्याचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान पंचनाम्यात आलं त्या सगळ्यांना, विमा असो नसो.

पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. ते शिवारात येणार त्या दिवशी स्वतः बांधावर हजर राहा, घरी बसून "आमचं पण लिहा हो" असं फोनवर सांगून काही होत नाही. मोबाईलमध्ये लोकेशन चालू ठेवून फोटो काढून ठेवा, आणि ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल ॲपवर आपलं पीक नोंदवणं, केलेली असू द्या, कारण शेतात सोयाबीन आणि सातबाऱ्यावर भलतंच पीक असेल तर नंतर भांडत बसावं लागतं.

रक्कम किती? कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि फळबागेला म्हणजे बहुवार्षिक पिकाला २२,५००. मर्यादा एरवी २ हेक्टर, २०२५ च्या पावसाळ्यातल्या नुकसानीला सरकारने ती ३ हेक्टर केली होती. हे हेक्टरी आहे बरं का, एकरी नाही. सव्वा एकर कोरडवाहू गेलं तर साधारण अर्धा हेक्टर धरा, म्हणजे सव्वाचार हजाराच्या आसपास. बियाणं खताचा खर्च पण निघत नाही ह्याच्यात, पण हक्काचे आहेत तर सोडायचे कशाला.

आता खरी अडचण. यादी लागली की नावापुढे व्हीके नंबर म्हणजे विशिष्ट क्रमांक असतो, तो घेऊन सेवा केंद्रात जायचं आणि अंगठा लावून ई-केवायसी करायची. फार्मर आयडी म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक काढला असेल तर २०२५ मध्ये ह्यातून सूट दिली होती, तरी तलाठ्याला एकदा विचारूनच घ्या. केवायसीच्या वेळी स्क्रीनवर नाव, गट नंबर, क्षेत्र दिसतं ते नीट वाचा. क्षेत्र कमी दिसलं तर अंगठा लावू नका, तक्रारीचा पर्याय असतो तो घ्या आणि तहसीलला अर्ज देऊन पोच घ्या.

पैसे तुम्ही दिलेल्या पासबुकावर येतीलच असं नाही, ते आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते जोडलेलं खातं एकच असतं, शेवटी ज्याचं सीडिंग म्हणजे आधारशी जोडणी झाली ते. आमच्या वडिलांचे दोन महिने आले नाहीत म्हणून आम्ही सोसायटीच्या बँकेत चकरा मारतोय आणि पैसे पडलेले कुठं, तर सिमकार्ड घेताना कुणीतरी उघडून दिलेल्या खात्यात, ज्याचा पिन पण कुणाला माहीत नव्हता! म्हणून माय आधारच्या साईटवर जाऊन बँक सीडिंग स्टेटस बघा, ओटीपी येतो, दोन मिनिटांचं काम आहे. तिथं इनॅक्टिव्ह दिसलं किंवा बँकच भलती दिसली तर आपल्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, आधार सीडिंगचा फॉर्म भरा. नुसतं "आधार लिंक करा" म्हणू नका, केवायसीला आधार जोडणं वेगळं आणि हे वेगळं, काउंटरवरचा माणूस पण कधी कधी गोंधळतो.

सातबाऱ्यावर जमिनीचं खातं सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. भाऊबंदकी असेल तर ते यादी लागायच्या आधीच उरकून घ्या, पैसे दिसायला लागले की कोण सही देत नाही.