ल्युअरचा स्कर्ट निसटतो कुठून? बांधणीतल्या या चुका टाळा

पावसाळा ओसरल्यावर ल्युअरचा, म्हणजे माशांसाठीच्या कृत्रिम आमिषांचा, डबा उघडला, की गरवण्याची हौस असलेल्या बहुतेकांना एकच दृश्य दिसते: जिग नावाच्या ल्युअरचे शिशाचे डोके आणि गळ एकीकडे, आणि त्यावर झालरीसारख्या बांधलेल्या स्कर्टच्या सिलिकॉनच्या पट्ट्या डब्याच्या तळाशी शेवयांसारख्या विखुरलेल्या. त्या पट्ट्या ताणून पाहिल्या, तर नव्यासारख्याच ताणल्या जातात. तुटलेले असते ते त्यांना धरून ठेवणारे इवलेसे रबरी कडे. तरीही स्कर्ट खराब झाला असे समजून आपण नवा विकत आणतो, तोही तशाच कड्याने बांधलेला असतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच शेवयांची खिचडी समोर येते.

स्कर्ट टिकवायचा म्हणजे त्याची बांधणी टिकवायची, आणि चुका होतात त्या जवळजवळ सगळ्या तिथेच.

रबरी कड्यावर भिस्त ठेवणे

कारखान्यातून येणारे कडे हे खरे तर पट्ट्या एकत्र ठेवून त्या जिगवर चढवण्याची सोय आहे, कायमची बांधणी नव्हे. हवेत अल्प प्रमाणात असलेल्या ओझोनमुळे नैसर्गिक रबराला भेगा पडतात, आणि त्या भेगा ताणलेल्या रबरालाच पडतात, सैल ठेवलेल्या रबराला सहसा नाही. जिगच्या मानेवर, म्हणजे डोक्यामागच्या भागावर, चढवलेले कडे मासा लागो वा न लागो, रात्रंदिवस ताणलेलेच असते. भिंगातून पाहिले, तर ताणाच्या दिशेला आडव्या, केसासारख्या बारीक रेघा दिसतात. त्या दिसू लागल्या, की कडे बदलण्याची वेळ उलटून गेली असे समजावे. म्हणूनच जादा कडी बाळगायची असतील, तर ती न ताणता, अंधाऱ्या जागी, बंद पिशवीत ठेवावीत. पेन्सिलीवर ओळीने चढवून ठेवण्याची जी पद्धत दिसते ती दिसायला नीटनेटकी, पण कड्यांच्या मुळावर येणारी आहे.

यावरचा उपाय म्हणजे कड्याच्या जोडीला तार किंवा दोरा. गोड्या पाण्यात, म्हणजे तलावात किंवा धरणाच्या फुगवट्यात मरळीसाठी जिग आणि स्पिनरबेट (फिरते पाते असलेले ल्युअर) वापरणाऱ्यांना तांब्याची तार उत्तम. त्यासाठी खास दुकान शोधायला नको. मोटार रिवायंडिंगच्या कोणत्याही दुकानात 30 गेजची, साधारण 0.3 मिलिमीटर जाडीची तार मिळते. याहून बारीक तार घट्ट आवळली, की सिलिकॉनच्या पट्ट्या कापते, आणि बऱ्याच जाड तारेला पीळ नीट बसत नाही.

बांधताना जिग छोट्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) किंवा पकडीत घट्ट धरावा. पट्ट्या मानेभोवती सारख्या पसरवाव्यात आणि त्यांचा मध्यभाग नेमका मानेवर येईल असे पाहावे, कारण बांधल्यावर पुढची अर्धी लांबी मागे वळते आणि स्कर्ट त्यामुळेच फुललेला दिसतो. मग वीतभर तार घेऊन कड्याला लागून चार-पाच वेढे एकाशेजारी एक, एकावर एक न चढवता घालावेत. दोन्ही टोके पक्कडीने धरून आधी ओढावीत आणि मगच पीळ द्यावा. बहुतेकांचे चुकते ते इथे. वेढे सैल ठेवून नुसत्या पिळाने ते आवळायला गेले, की तांबे पिळाच्या मुळाशी कडक होत जाते आणि चौथ्या-पाचव्या पिळाला टचकन तुटते. आधी ओढून घेतलेल्या वेढ्यांना तीन पीळ पुरतात. उरलेले टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापावे आणि पट्ट्यांच्या आत दाबून टाकावे. बाहेर राहिलेले टोक गवतात अडकते आणि बोटातही घुसते. सगळे झाल्यावर जुने रबरी कडे कात्रीने कापून काढले तरी चालते.

खाडीत आणि समुद्रात तीच तार वापरणे

गोड्या पाण्यात जमले म्हणून तीच बांधणी खाडीत जिताड्यासाठी नेणे ही दुसरी मोठी चूक. खाऱ्या पाण्यात तांबे आणि पोलाद एकमेकांना टेकलेले असले, की झिज पोलादाची होते, म्हणजे तार शाबूत राहते आणि गळ गंजतो. तारेवर इनॅमलचा थर असतो खरा, पण कापलेली टोके उघडीच असतात आणि पिळाच्या जागी थर निघालेला असतो. खाऱ्या पाण्यासाठी दोराच घ्यावा.

दोरा कोणता, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. सुती दोरा कुजतो, तो विषयच नको. नायलॉन पाणी शोषून किंचित लांबतो, त्यामुळे कोरडा असताना घट्ट वाटणारा वेढा पाण्यात सैल पडू शकतो. गळाला बांधायची वेणीची बारीक लाइन मजबूत असली, तरी निसरडी असते आणि पट्ट्यांना कापते. चामड्याच्या शिलाईसाठी मिळणारा मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा माझ्या मते सर्वांत बरा: तो पाण्याने फारसा बदलत नाही, आणि मेणामुळे घातलेला वेढा बोट सोडले तरी जागचा हलत नाही.

दोऱ्याची गाठ हा स्वतंत्र दुखण्याचा भाग आहे. सुरगाठ मारलेली असेल, तर ती माशाच्या पहिल्या हिसक्यालाच सुटते, आणि निरगाठ मारली तर तिचा उंचवटा दगडावर, पाणगवतावर घासून आधी तोच झिजतो. म्हणून गाठच मारू नये. बांधायला सुरुवात करतानाच वेगळ्या दोऱ्याचा एक फास पट्ट्यांवर आडवा ठेवावा, त्याच्यावरून सहा-सात वेढे घट्ट घालावेत, मुख्य दोऱ्याचे टोक त्या फासात ओवावे आणि फास ओढून टोक वेढ्यांच्या खालून बाहेर काढावे. टोक स्वतःच्याच वेढ्यांखाली दबून राहते आणि वर काहीही उरत नाही. त्यावर नखांना लावायच्या पारदर्शक पॉलिशचा एक हलका हात द्यावा, पण फक्त दोऱ्यावर.

गोंदाने काम भागवणे

'एक थेंब टाकला की झाले' असे म्हणून झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद ओतणारे कमी नाहीत. हा गोंद सिलिकॉनला धरत नाही. तो पट्ट्यांच्या मधल्या फटीत वाळून काचेसारखा कडक होतो, आणि पट्ट्या जिथे वाकायच्या तिथेच त्याची धार त्यांना कापू लागते. सिलिकॉनला खऱ्या अर्थाने चिकटते ते सिलिकॉनच, पण तिथेही एक मेख आहे. खिडकीच्या फटी बुजवायचे स्वस्त सिलिकॉन मी एकदा हौसेने सात-आठ जिगच्या मानेला लावले होते. वाळताना खोलीभर व्हिनेगरचा वास सुटला, आणि पंधरा दिवसांनी पाहिले, तर मानेजवळ गळ गंजलेला होता आणि शिशावर पांढरी भुकटी साचली होती. वास व्हिनेगरचाच होता, कारण अशा प्रकारचे सिलिकॉन वाळताना अॅसेटिक आम्ल सोडते आणि ते धातूला खाते. वापरायचेच असेल, तर ट्यूबवर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेले पाहून घ्यावे. तरीही ते बांधणीची जागा घेऊ शकत नाही.

मान गुळगुळीत ठेवणे

उत्तम बांधलेला स्कर्टही अखंड सरकत सरकत गळाच्या वळणापर्यंत गेलेला दिसला, तर दोष बांधणीचा नसून मानेचा असतो. शिशाच्या डोक्यामागे जी खोबण किंवा बारीक दाता ओतलेला असतो, तो रंगाच्या जाड थराने भरून जातो आणि स्कर्टला अडवायला काही उरत नाही. रंगवण्यापूर्वी मानेवर दोऱ्याचे दोन वेढे गुंडाळून ठेवावेत आणि रंग वाळल्यावर काढावेत. तयार जिग असेल, तर कानशीच्या कडेने खोबणीतला रंग खरवडावा. शिशाची भुकटी उडते, म्हणून हे काम ओल्या कापडावर करावे आणि नंतर हात धुवावेत.

ट्रोलिंगच्या ल्युअरचे स्कर्ट

सुरमई किंवा कुपा यांच्यासाठी 6 ते 8 नॉट वेगाने होडीमागून ओढायच्या ल्युअरचा स्कर्ट वेगळ्या जातीचा असतो. तो मऊ पीव्हीसीचा, ऑक्टोपसच्या आकाराचा आणि एकसंध असतो, त्यामुळे तिथल्या चुकाही वेगळ्या. सगळ्यांत सामान्य चूक म्हणजे स्कर्टचे निमुळते टोक एका झटक्यात कापणे. भोक मोठे झाले, की दोरा कितीही आवळा, पाणी आत शिरून स्कर्ट मागे ढकलतेच. टोक एकेक मिलिमीटर कापत जावे, भोक डोक्याच्या मानेपेक्षा लहान ठेवावे, स्कर्ट कोमट पाण्यात मऊ करावा आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचा बोटभर वापर करून तो ताणून चढवावा. तेल मात्र लावू नये.

बांधण्याची दिशाही पाहावी. स्कर्ट उलटा करून, शेपट्या डोक्याच्या पुढच्या बाजूला ठेवून, त्याचे अरुंद टोक खोबणीवर बांधावे आणि मग मोजा उलटावा तशा शेपट्या मागे वळवाव्यात. दोरा घडीखाली झाकला जातो आणि समोरून येणाऱ्या पाण्याला उचलायला कड सापडत नाही. स्कर्ट तिरका बसला तर ल्युअर पाण्यात गरगर फिरते आणि लाइनला पीळ पडतो. म्हणून दोरा आवळण्याआधी ल्युअर डोळ्यांसमोर धरून एकदा फिरवून पाहावे.

मरळीच्या फ्रॉगला, म्हणजे बेडकाच्या आकाराच्या ल्युअरला, मुळात बांधणीच नसते, पायांच्या पट्ट्या रबरी अंगातल्या भोकांतून आरपार ओवलेल्या असतात. मासा एका पायाला ओढतो आणि दुसरा आखूड होतो, एवढेच. दोन्ही बाजूंनी ओढून सारखे करावेत.

डब्यात कोंबून ठेवणे

खाऱ्या पाण्यातून आलेले ल्युअर गोड्या पाण्यात बुडवून, झटकून, सावलीत वाळवूनच डब्यात जावे. मऊ प्लॅस्टिकच्या अळ्या आणि शेपट्या मात्र स्कर्टच्या शेजारी ठेवू नयेत. त्यांच्यातून झिरपणारे तेलकट द्रव्य रंग विरघळवते, काही डब्यांचे खणही वितळवते, आणि लाल अळीचा रंग पांढऱ्या स्कर्टला लागला की तो निघत नाही. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेला डबा हा प्रकार चौपट वेगाने घडवून आणतो.

नवीन बांधणी पाण्यात नेण्यापूर्वी रात्रभर बादलीत भिजत ठेवावी आणि सकाळी दोन बोटांत एकच पट्टी धरून हळू ओढावी. ती सरकली, तर बांधणी उकलून पुन्हा करावी. नुसती ताणली जाऊन परत आली, तर होडीवर न्यायला हरकत नाही. सुरमईच्या दातांपुढे मात्र कोणत्याही दोऱ्याचे काही चालत नाही. ती शेपट्या कात्रीने कापाव्यात तशा कापून नेते, आणि मग उरलेल्या शेपट्या सारख्या करून ते ल्युअर लहान कुप्यासाठी वेगळ्या खणात ठेवावे.