शेक झालेल्या लेकराचा एमआरआय: येताना काय आणाल, रिपोर्टात काय विचाराल

मी जळगावात एमआरआय टेक्निशियन आहे. मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन आणि शेक, म्हणजे रेडिएशनचे किरण, मुंबईला घेऊन आलेली मुलं पुढच्या स्कॅनसाठी आमच्याकडे येतात. चोपडा, शिरपूर, पार तळोद्यापासून. त्यांच्या आईबापांसाठी हे लिहिते आहे.

आधी कागद. शेक संपल्यावर मिळालेल्या समरीत सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण ग्रे (किरणांच्या डोसाचं माप), किती सिटिंग आणि डोक्याचा कोणता भाग, हे सगळं असतं. मेड्युलोब्लास्टोमाच्या (लहान मेंदूतली कर्करोगाची गाठ) सरासरी जोखमीच्या मुलाला बहुतेक वेळा सगळ्या डोक्याला आणि मणक्याला २३.४ ग्रे आणि गाठीच्या जागी एकूण ५४ ग्रे दिलेले असतात. ही समरी समोर नसली तर नवा डाग किरणं पडलेल्या जागी आहे की बाहेर, हे रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना कळायला मार्ग नाही. जुने सगळे स्कॅन सीडीवर आणा. मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवरून दोन-चार मिलिमीटरचा फरक कोणी मोजू शकत नाही. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात सीडी गाडीत काचेपाशी ठेवू नका, वाकलेली सीडी उघडत नाही.

आता ज्या गोष्टीने घरं हादरतात ती. शेकानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत, काही गाठींत त्यानंतरही, स्कॅनवर गाठ वाढल्यासारखी दिसू शकते. किरणांमुळे बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती दुखावतात, त्यातून कॉन्ट्रास्ट (स्कॅनच्या वेळी शिरेतून दिलेलं औषध) बाहेर झिरपतो, भोवती सूज येते, आणि ती जागा आधीपेक्षा मोठी आणि चकचकीत पांढरी उमटते. डॉक्टर याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. बऱ्याचदा ते आपोआप ओसरतं. पण रिपोर्टात ‘वाढ’ एवढंच वाचून एखादी माय बाकावरच बसते आणि विचारते, “ताई, गाठ परत उनी का वं?” उत्तर देणं माझ्या अधिकारातलं नाही. मी तिला सांगते, डॉक्टरांना हे विचारा: ही जागा शेकाच्या भागात आहे का? परफ्यूजन केलं का? पुढचा स्कॅन कधी?

परफ्यूजनमध्ये त्या जागी रक्त किती खेळतंय ते दिसतं. जोमाने वाढणारी गाठ साधारणपणे जास्त रक्त ओढते, किरणांनी मेलेली जागा कमी. तरी एका स्कॅनवर निकाल लागेलच असं नाही. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. तो स्कॅन चुकवू नका, कारण कधी कधी गाठ खरंच परतलेली असते. पोरगं सकाळी उलट्या करतंय, तोल जातोय, सुस्त पडतंय, तर तारखेची वाट बघू नका.

डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) चालू असेल तर कधीपासून, किती, हे फॉर्मवर लिहा. त्याने सूज आणि पांढरेपणा दोन्ही कमी दिसतात, म्हणजे चित्र आहे त्यापेक्षा बरं वाटू शकतं. पण स्कॅनसाठी म्हणून ते मनाने बंद करू नका, एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

मणक्यालाही शेक दिला असेल तर मणक्याची हाडं टी-वन चित्रात (एमआरआयच्या चित्रांचा एक प्रकार) उजळ दिसतात. त्या हाडांच्या आतल्या मज्जेची जागा चरबीने घेतलेली असते. तो आजार पसरल्याचा पुरावा नाही.

वर्षांनंतर आणखी काही दिसू शकतं: रक्ताचे बारीक काळे ठिपके, मेंदूच्या पांढऱ्या भागातले (व्हाइट मॅटर) बदल, आणि क्वचित किरणांमुळेच झालेली नवी गाठ. पिट्यूटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) आसपास शेक झाला असेल तर मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या अरुंद होऊ शकतात. ‘अँजिओपण (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) करायचा का?’ हे जरूर विचारा. अचानक एक हात लुळा पडला किंवा बोबडी वळली तर सरळ इमर्जन्सी गाठा, नंतर बरं वाटलं तरी.

डोक्यात शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढणारी नळी) असेल तर दारातच सांगा. काही शंटची सेटिंग चुंबकाने बदलते, स्कॅननंतर ती तपासून घ्यावी लागते. म्हणून शंटचं कार्ड सोबत हवं.

लहान मुलाला भूल देणार असतील तर सकाळची पहिली वेळ मागा. साधारण सहा तास आधी खाणं आणि वरचं दूध बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. पण भूलतज्ज्ञ सांगतील तेच शेवटचं. पहाटेच्या एसटीत भुकेलं पोर रडतं, मग कोणीतरी केळं हातात देतं आणि स्कॅन रद्द होतो. सोबत येणाऱ्या आजीलाही आदल्या रात्रीच सांगून ठेवा.