फंक्शनल ॲप्लिकेशनमधील स्टेट आणि घटकांची जुळणी

फंक्शनल पद्धतीने, म्हणजे शक्यतो जुनी माहिती न बदलता नवी परत देणाऱ्या फंक्शनांनी, लिहिलेल्या ॲप्लिकेशनलाही डेटाबेसचे कनेक्शन उघडावे लागते, पोर्टवर सर्व्हर चालू करावा लागतो आणि कोणत्या वापरकर्त्याने काय निवडले आहे हे कुठेतरी लक्षात ठेवावे लागते. ही स्टेट, म्हणजे प्रोग्रॅमला सांभाळावी लागणारी स्थिती, टाळता येत नाही. तिला हात लावणारी ठिकाणे मात्र मोजकी ठेवता येतात. पुढील उदाहरणे क्लोजर (Clojure) या प्रोग्रॅमिंग भाषेतील आहेत. त्याच उच्चाराच्या ‘closure’ या संकल्पनेशी तिची गल्लत करू नये.

सर्वप्रथम स्टेटचे दोन प्रकार वेगळे करावेत. एक, सतत बदलणारी माहिती. आणि दुसरा, उघडावी व बंद करावी लागणारी संसाधने, म्हणजे कनेक्शन पूल (पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी उघडून ठेवलेली कनेक्शने), संदेशांची रांग, सर्व्हर इत्यादी.

माहितीसाठी एक शुद्ध फंक्शन लिहावे, जे जुनी स्टेट आणि घडलेली घटना घेते व नवी स्टेट परत देते. एल्म या भाषेतील अपडेट आणि २०१५ साली आलेल्या रीडक्स या जावास्क्रिप्ट लायब्ररीतील रिड्यूसर यांची घडण हीच आहे. सध्याची वेळ किंवा रँडम संख्या या फंक्शनने स्वतः मागू नये. ती घटनेबरोबर बाहेरून यावी, म्हणजे त्याच स्टेटवर तीच घटना पुन्हा दिली असता तेच उत्तर मिळते. ही स्टेट ॲटममध्ये (एक बदलते मूल्य सुरक्षितपणे ठेवणाऱ्या क्लोजरच्या पेटीत) ठेवून स्वॅपने, म्हणजे त्या मूल्यावर फंक्शन चालवून नवे मूल्य ठेवणाऱ्या क्रियेने, बदलावी. येथे एक खाच आहे: आपले फंक्शन चालू असताना दुसऱ्या थ्रेडने (त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चाललेल्या कामाने) ॲटम बदलला, तर स्वॅप ते फंक्शन नव्या मूल्यावर पुन्हा चालवते. त्यामुळे त्या फंक्शनमध्येच ईमेल पाठवला असेल, तर एकाच वापरकर्त्याला तो दोनदा जाऊ शकतो, आणि ही चूक भार वाढल्यावरच दिसत असल्याने चाचणीत सहसा सापडत नाही. यावर उपाय म्हणून ‘हा ईमेल पाठवायचा आहे’ ही नोंद फंक्शनने नव्या स्टेटबरोबर निव्वळ माहिती म्हणून परत द्यावी आणि प्रत्यक्ष पाठवण्याचे काम बाहेरच्या थराने करावे. एकत्रच बदलायला हव्यात अशा गोष्टी दोन ॲटममध्ये विभागू नयेत. त्या एकाच मॅपमध्ये (नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांच्या संचात) ठेवाव्यात किंवा रेफ आणि ट्रान्झॅक्शन, म्हणजे अनेक मूल्ये एकत्रच बदलण्याची क्लोजरची सोय, वापरावेत.

संसाधनांच्या बाबतीत नेहमी आढळणारी चूक म्हणजे नेमस्पेसच्या, म्हणजे फाइलमधील व्याख्यांच्या नावाच्या गटाच्या, माथ्यावरच कनेक्शन उघडणारी व्याख्या लिहिणे. मग फाइल नुसती लोड केली तरी डेटाबेस लागतो, आणि रेप्लमध्ये (कोड लगेच चालवून पाहण्याच्या खिडकीत) ती पुन्हा लोड केल्यावर जुने कनेक्शन तसेच लोंबकळत राहते. त्याऐवजी प्रत्येक घटकाला दोन फंक्शने द्यावीत: कॉन्फिगरेशन व लागणारे इतर घटक आर्ग्युमेंट म्हणून घेऊन चालू घटक परत देणारे एक, आणि तो बंद करणारे दुसरे. बंद करणारे फंक्शन दोनदा बोलावले तरी बिघाड होऊ नये.

ही सारी जुळणी प्रोग्रॅमच्या प्रवेशद्वाराशी, एकाच ठिकाणी करावी. घटक तीन-चारच असतील, तर ते क्रमाने हाताने जोडणेच मला योग्य वाटते. लायब्ररीची घाई करू नये. संख्या वाढली की कंपोनंट किंवा इंटिग्रंट ही लायब्ररी घ्यावी. या दोन्ही लायब्ररी कोणता घटक कोणावर अवलंबून आहे याचा आलेख तयार करून घटक योग्य क्रमाने सुरू करतात आणि उलट क्रमाने बंद करतात. इंटिग्रंटमध्ये ही रचना साध्या मॅपच्या रूपात लिहिता येते. माउंट ही तिसरी लायब्ररी हाताळायला सोपी आहे, परंतु त्यात स्टेट नेमस्पेसला बांधलेली असल्यामुळे एकाच प्रोसेसमध्ये दोन स्वतंत्र सिस्टिम चालवणे जड जाते.

दोन घटक एकमेकांवर अवलंबून असतील, तर सुरू करण्याचा क्रमच ठरत नाही. अशा वेळी दोघांना लागणारा भाग तिसऱ्या घटकात काढावा.

संपूर्ण सिस्टिमचा मॅप प्रत्येक फंक्शनला देण्याचा मोह मात्र आवरावा. तसे केल्यास कोणाला काय लागते हे फंक्शनच्या सहीवरून, म्हणजे त्याच्या नावावरून व आर्ग्युमेंटवरून, कळत नाही आणि ग्लोबल व्हेरिएबल मागच्या दाराने परत येतात. ऑर्डर नोंदवणाऱ्या फंक्शनला केवळ कनेक्शन पूल द्यावा. चाचणीत त्याच जागी मेमरीतील पर्याय देता येतो. सुरू होताना तिसरा घटक कोसळला, तर आधीचे दोन उघडेच राहतात. कंपोनंट आणि इंटिग्रंट यांनी फेकलेल्या एक्सेप्शनमध्ये (चुकीच्या सूचनेत) अर्धवट उभी राहिलेली सिस्टिम मिळते, ती तिथेच बंद करावी आणि त्यानंतरच मूळ चूक पुढे फेकावी.