हेलसिंकीला कॉन्फरन्सला जाताय? मग या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे हॉटेल. लोक डोळे झाकून सेंट्रल स्टेशनजवळ रूम घेतात, महाग तर महाग, आणि मग कळतं की हॉल तिथे नाहीच. मोठी प्रदर्शनं, स्लशसारखे (स्टार्टअपवाल्यांचा मेळावा) इव्हेंट होतात ते मेस्सुकेस्कुसमध्ये, म्हणजे तिथल्या प्रदर्शन केंद्रात, आणि ते आहे पासिला या भागात. सेंट्रलपासून ट्रेनने जेमतेम पाच मिनिटं म्हणा, पण एअरपोर्टवरून येताना पासिला आधी लागतं, त्यामुळे बॅगा घेऊन सेंट्रलपर्यंत जायचं आणि परत उलटं यायचं हा उद्योग कशाला? स्टेशनवर पाट्या फिनिश आणि स्वीडिश अशा दोन्ही भाषांत असतात, स्क्रीनवर ब्योले दिसलं तर गडबडू नका, ते पासिलाचंच स्वीडिश नाव आहे.

एअरपोर्टवरून आय आणि पी अशा दोन लोकल सुटतात. दोघी उलट्या दिशेने जातात पण गोल फिरून शहरातच येतात, अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, म्हणून ही का ती करत बसू नका, जी आधी येईल ती पकडा. तिकीट मात्र एबीसी झोनचं हवं, कारण एअरपोर्ट सी झोनमध्ये येतं, आणि चढायच्या आधीच काढायचं, एचएसएलच्या (तिथली लोकल, बस वगैरे चालवणारी संस्था) ॲपवर नाहीतर मशीनवर. एबीचं काढून बसलात आणि चेकर आला तर पाहुणे म्हणून सोडत नाहीत. शहरात फिरायला मग एबी पुरतं.

पासिला स्टेशनला लागूनच ट्रिप्ला मॉल आहे, तिथे घुसलात की बाहेर कुठून पडायचं तेच कळत नाही. मेस्सुकेस्कुस रुळांच्या पूर्वेला, चालत पाच-सात मिनिटं.

हिवाळ्यात जात असाल तर आतून दोन-दोन थर्मल चढवू नका प्लीज. बाहेर उणे दहा असलं तरी हॉलमध्ये हीटिंग असतं, जॅकेट क्लोकरूममध्ये काढून देता येतं पण आतलं थर्मल भर सेशनमध्ये कुठे काढणार, घामाघूम होऊन बसाल. वरचं जॅकेट जाड, आत साधा शर्ट, वर स्वेटर, बास. डिसेंबरात तीन-सव्वातीनला सूर्य मावळतो, शहर बघायचं तर सकाळचं एखादं सेशन बुडवा, माझ्याकडून परवानगी.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी मस्त असतं. घेतलीच तर रिकामी बाटली फेकू नका, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की डिपॉझिट परत मिळतं.

आणि सुओमेनलिन्ना या बेटावरच्या किल्ल्यासाठी वेगळ्या क्रूझचं तिकीट काढायची गरज नाही, कौप्पातोरीहून (बंदरावरचा बाजारचौक) सुटणाऱ्या फेरीबोटीला तेच एबी तिकीट चालतं, पंधरा मिनिटांत पोचता. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, सेशन संपवून आरामात जा.