सिद्धेश्वर मंदिराला जाताना एवढं लक्षात ठेवा

सोलापुरात पाहुणे आले की पहिलं ठिकाण ठरलेलं, तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर. दर्शनाला तिकीट नाही, शिवाय स्टेशनवरून रिक्षाने पटकन पोचता येतं. प्रश्न वेळेचाच असतो. मार्च ते मे दुपारी अजिबात जाऊ नका! पारा चाळीसच्या वर जातो, आवारातली फरशी तव्यासारखी तापते आणि चपला तर बाहेर काढाव्या लागतात. गेल्या वर्षी आमच्या आत्या पायाला चटके बसल्यामुळे अर्ध्या वाटेतून सावलीला पळाल्या. म्हाताऱ्या माणसांसाठी पिशवीत जुने सुती मोजे ठेवा, फार उपयोगी पडतात.

सकाळी लवकर गेलात तर तळ्याचं पाणी शांत असतं, मंदिराचं प्रतिबिंब स्वच्छ दिसतं. बाराव्या शतकातले संत सिद्धरामेश्वर यांची समाधी आवारातच आहे, दर्शन घेऊन लगेच मागे फिरू नका, तिथे थोडं टेका. शेजारीच भुईकोट किल्ला आहे, तोही त्याच फेरीत होतो.

श्रावणी सोमवारी गर्दी असते. आणि जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची मोठी जत्रा! नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह, डोळ्यांत साठवावा असाच, पण त्या दिवसांत गाडी लांब लावून चालतच या. लहान मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. निवांत दर्शन हवं असेल तर यात्रा संपल्यावर, फेब्रुवारीतली एखादी सकाळ धरा.